व्हिसा म्हणजे हक्क नव्हे!

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्याला ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. ज्यांच्या बागा आहेत ते असे म्हणतात. बागेत संत्री तोडणारा आणि पेट्या भरणारा मजूर तसे म्हणत नाही. त्याच्या वाट्याला बागही आली नाही आणि कॅलिफोर्नियाही आला नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र पालटू लागले आहे. मजुराची, शाळामास्तरांची, एसटी कंडक्टरची पोरे-पोरी बाबासाहेबांच्या पुण्याईने शिकली, अमरावती-नागपूर-पुण्याला जाऊन इंजिनिअर, फार्मासिस्ट, नर्स झाली आणि त्यातली काही आता खऱ्या कॅलिफोर्नियाची वाट विचारू लागली. ‘त्याले व्हिसा भेटला’, ‘तिची पीआर झाली म्हणते’, ‘दोन वर्षांत ग्रीन कार्ड लागते’ अशी वाक्ये आता आपल्या वस्त्यांत ऐकू येतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण या आनंदात एक मोठा धोका दडला आहे. व्हिसा, वर्क परमिट, पीआर, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सारे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. व्हिसा लागला म्हणजे पोरगा तिकडचा झाला, असा आपला समज असतो. याच गैरसमजावर एजंटांची दुकाने चालतात. त्यासाठी घर गहाण पडते, दोन एकर कोरडवाहू विकली जाते, पतसंस्थेचे कर्ज निघते. प्रस्थापितांच्या मुलाला तिकडे मामा-काका असतात, वकील ओळखीचा असतो; त्याची चूक निस्तरायला चार माणसे धावतात. आपल्या घरातून जाणारा पहिलाच असतो. त्याची चूक निस्तरायला कोणी नाही. म्हणून हे शब्द आपण इतरांपेक्षा अधिक नीट समजून घेतले पाहिजेत.

या शब्दाशी आपले नाते फार जुने आहे. बाबासाहेबांनी जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी शिष्यवृत्तीचा करार केला आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. त्या काळी अमेरिकेत शिरायला आजच्यासारखा व्हिसा लागत नव्हता. परदेशी माणसाला व्हिसा सक्तीचा करण्याची पद्धत तिथे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली सुरू झाली. त्याच १९१७ साली बाबासाहेब शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतले आणि करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात सन्मानाने राहिलेल्या विद्वानाला स्वतःच्या देशात निवारा नव्हता! हे आणि असे इतर अनुभव त्यांनी ज्या छोट्या इंग्रजी पुस्तिकेत लिहिले, तिचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’, म्हणजे ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० मध्ये प्रसिद्ध केली.

व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या दारातली परवानगी. ती देणारा देऊ शकतो, नाकारू शकतो, दिलेली परत घेऊ शकतो. हक्क वेगळा असतो. तो कायद्याने मिळतो आणि काढून घ्यायचा तर कायद्यासमोर कारण द्यावे लागते. हे दोन टोकांचे अर्थ डोक्यात ठेवले की मधले सारे शब्द आपोआप उलगडतात.

पहिला शब्द व्हिसा. अमेरिकेचा व्हिसा मुंबईच्या वकिलातीतून पासपोर्टवर चिकटवून मिळतो. तो फक्त विमानतळाच्या खिडकीपर्यंत जाण्याचा परवाना आहे. आत सोडायचे की नाही, हे तिथला अधिकारी ठरवतो. किती काळ राहायचे याची नोंद ‘आय-९४’ या वेगळ्या दाखल्यात होते. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख पुढची आहे म्हणून तोवर राहता येते, असे समजणारा फसतो. पर्यटकाला दहा वर्षांचा व्हिसा मिळाला तरी एका फेरीत साधारण सहा महिनेच राहू देतात. ठरलेल्या मुदतीपेक्षा १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परतला तर ३ वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहिला तर १० वर्षे पुन्हा प्रवेश बंद होतो.

व्हिसाच्या दोन जाती आहेत. एक तात्पुरत्या मुक्कामाचा. विद्यार्थ्याचा एफ-१, पाहुण्याचा बी-२ हे त्यातले. दुसरा कायम वास्तव्याचा, ज्याला इमिग्रंट व्हिसा म्हणतात. अमेरिकी कायदा असे गृहीत धरतो की, अर्ज करणारा प्रत्येक माणूस तिथेच राहायला निघाला आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. विद्यार्थ्यांचे बहुतेक नकार याच कलमाखाली, २१४(बी) खाली येतात. आता गंमत पाहा. इकडे एजंट बापाला सांगतो, ‘पोराची पीआर पक्की.’ आणि तिकडे पोराला वकिलातीच्या खिडकीवर शिक्षणासाठीच जात असल्याचे पटवून द्यावे लागते. एजंटाने भरवलेले स्वप्न पोराच्या तोंडून बाहेर पडले की अर्ज फेटाळला जातो. शुल्क परत मिळत नाही.

दुसरा शब्द दर्जा. इंग्रजीत ज्याला स्टेटस म्हणतात. आत शिरल्यावर तुम्ही तिथे कोण आहात, हे दर्जा सांगतो. विद्यार्थी असाल तर पूर्णवेळ शिकलेच पाहिजे. कॉलेजबाहेर पेट्रोल पंपावर रोखीने काम केले की दर्जा मोडला. व्हिसा पासपोर्टवर तसाच राहतो, पण पायाखालची जमीन गेलेली असते. जे-१ या विनिमय व्हिसावर जाणाऱ्यांपैकी अनेकांना, फुलब्राइट शिष्यवृत्तीवाल्यांसह, शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मागता येत नाही. हे आधी माहीत असले तर माणूस तशी आखणी करतो.

आपल्या पासपोर्टवर कोणता शब्द लिहिला आहे, हे न कळल्याने काय होऊ शकते? मे २०२१ मध्ये न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिल इथे एका भव्य मंदिराच्या बांधकामावर केंद्रीय तपास यंत्रणेने छापा घातला. भारतातून नेलेले, बहुतांश दलित असलेले कामगार तिथे होते. त्यांना आर-१, म्हणजे धार्मिक कार्यकर्त्याच्या व्हिसावर आणले आणि तासाला सव्वा डॉलरच्या आसपास मजुरीवर दगडाचे कष्टाचे काम करून घेतले, असा आरोप त्यांच्या वतीने दाखल झालेल्या दाव्यात होता. मंदिर संस्थेने आरोप फेटाळले, पुढे काही फिर्यादींनी माघार घेतली आणि २०२५ मध्ये फौजदारी तपासही आरोपपत्राविना बंद झाला. न्यायालयात काय सिद्ध होईल ते होवो. आपण घ्यायचा धडा असा की, सही करण्यापूर्वी व्हिसाचा प्रकार आणि प्रत्यक्षातले काम जुळते का, हे तपासलेच पाहिजे.

तिसरा शब्द कामाची परवानगी. अमेरिकेत शिक्षण संपले की विद्यार्थ्याला ‘ओपीटी’ नावाची १२ महिन्यांची कामाची मुभा मिळू शकते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांना आणखी २४ महिने. हा वेगळा व्हिसा नव्हे, एफ-१ चाच शेवटचा तुकडा आहे. त्यानंतर एच-१बी. यात अर्ज माणूस करीत नाही, कंपनी करते. वर्षाला ६५,००० जागा आणि अमेरिकेतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. उमेदवार कितीतरी जास्त, त्यामुळे पात्र असूनही निवडीत नाव निघेल याची खात्री नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी एका घोषणेद्वारे देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क लावले. एका सहीने वाट अशी अडते, ती परवानगी असते म्हणूनच.

इथे आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा प्रश्न येतो. एच-१बी वाल्याची नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी कंपनी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. आता समजा, वरचा साहेब भारतीय आहे, त्याने आडनाव विचारले, गाव विचारले, मांसाहार करता का विचारले आणि जात ओळखून वागणूक बदलली. तक्रार कशी करायची? साहेबाच्या एका शेऱ्यावर नोकरी, नोकरीवर व्हिसा आणि व्हिसावर बायको-मुलांचा मुक्काम टांगलेला. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा दाखल केला तेव्हा हा विषय जगासमोर आला. कंपनीने आरोप नाकारला; २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरचा दावा राज्याने मागे घेतला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरने त्यावर सही करण्यास नकार दिला. कायदा असला तरी त्याचा आधार घ्यायला माणसाचे पाय घट्ट रोवलेले असावे लागतात. तात्पुरत्या परवानगीवर उभा असलेला माणूस अन्याय गिळतो. ग्रीन कार्डाकडे आपण केवळ डॉलरच्या नजरेने पाहतो. खरे तर तोंड उघडण्याची ताकद म्हणून त्याकडे पाहिले पाहिजे.

तर चौथा शब्द पीआर, म्हणजे कायम वास्तव्य. अमेरिकेत त्याचे बोलीतले नाव ग्रीन कार्ड. ते मिळाले की कोणत्याही मालकाकडे काम करता येते, मालक बदलला तरी मुक्काम जात नाही. पण ते ‘दोन वर्षांत लागते’ हे खोटे आहे. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे निघतात आणि त्यात बायको-मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण संख्येच्या ७ टक्क्यांहून जास्त सहसा मिळत नाहीत. मालदीवलाही तीच मर्यादा आणि भारतालाही तीच! त्यामुळे भारतीयांची रांग कितीतरी लांब. अर्ज ज्या दिवशी नोंदला जातो तिला ‘प्रायॉरिटी डेट’ म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत टोकन नंबर. अमेरिकी परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढून कुठल्या तारखेचा नंबर आला ते सांगते. २०२५ मध्ये उच्चशिक्षितांच्या ईबी-२ या गटात भारतीयांसाठी २०१२-१३ सालच्या तारखा चालू होत्या. म्हणजे बारा वर्षांपूर्वी टोकन घेतलेल्याचा नंबर तेव्हा लागत होता. या काळात मूल २१ वर्षांचे झाले तर ते बापाच्या अर्जातून बाहेर पडण्याचा धोका असतो. शिवाय रांग नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर ठरते. मोर्शीत जन्मलेला माणूस उद्या कॅनडाचा नागरिक झाला तरी अमेरिकेच्या या रांगेत तो भारताचाच.

कॅनडाची पद्धत वेगळी. तिथे वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देऊन पीआर दिली जाते. ‘एक्स्प्रेस एंट्री’ ही त्यातली एक वाट २०१५ पासून सुरू आहे. पण विद्यार्थी व्हिसा म्हणजे पीआरचे तिकीट नव्हे. २०२४ पासून कॅनडाने विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि शिक्षणानंतरच्या वर्क परमिटच्या अटी कडक केल्या. आणि २०२३ मध्ये काय उघड झाले? एजंटांनी कॉलेजांची बनावट प्रवेशपत्रे देऊन पाठवलेली भारतीय मुले तिकडे शिकली, नोकरीला लागली आणि पीआरचा अर्ज करताना पहिले पत्रच खोटे असल्याचे निघाले. पैसा एजंटाने खाल्ला आणि परत पाठवण्याची नोटीस पोरांना आली. इंग्लंडमध्ये कुशल कामगाराला ५ वर्षांनी कायम वास्तव्य मागता येते, असा नियम चालत आला. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने सर्वसाधारण मुदत १० वर्षांवर नेण्याचे धोरण जाहीर केले. शिक्षणानंतर दोन वर्षे राहण्याची तिथली मुभाही १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या बहुतेकांसाठी १८ महिन्यांवर आणण्याचे ठरले. नियम असे पळत असतात. म्हणून पाच वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा सल्ला प्रेमाचा असला तरी नियम म्हणून चालत नाही.

पीआर ‘कायम’ असली तरी अटींवर टिकते. कॅनडात पाच वर्षांतले ७३० दिवस प्रत्यक्ष देशात राहावे लागते. इंग्लंडमध्ये सलग दोन वर्षे बाहेर राहिलात तर ती जाते. गंभीर गुन्ह्यात अडकलात तर पीआर असूनही देशाबाहेर काढले जाते. आणि संसद निवडण्याचा मतदानाचा हक्क अमेरिका आणि कॅनडात केवळ पीआरवर मिळत नाही.

तो हक्क पाचव्या शब्दात आहे, नागरिकत्वात. इथे एक इतिहास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल दिला. पंजाबातून गेलेले थिंद अमेरिकी सैन्यात सेवा केलेले गृहस्थ. त्या काळी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच अर्ज करून नागरिक होता येई. थिंद यांच्या बाजूने युक्तिवाद असा झाला की, ते उच्च जातीचे, शुद्ध आर्य रक्ताचे आहेत, म्हणून गोरेच आहेत! सातासमुद्रापार जातीचा दाखला दाखवून दार ठोठावले गेले. न्यायालयाने तो फेटाळला आणि अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही पुढे रद्द झाले. बाबासाहेबांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली ते हेच वर्ष. दार उघडले १९४६ च्या कायद्याने, तेही वर्षाला सुमारे १०० भारतीयांपुरते. आणि मोकळे झाले १९६५ च्या कायद्याने, ज्यामागे तिथल्या काळ्या जनतेच्या नागरी हक्क लढ्याचे वातावरण होते. आज तिकडे सुखाने नांदणाऱ्या भारतीयांनी आठवावे की, त्यांना आत घेतले ते उच्च जातीच्या दाखल्याने नव्हे, समतेच्या चळवळीच्या रेट्याने.

आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने सिद्ध केलेल्या संविधानातले कलम ९ सांगते की, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही. कलम ५ ते ९ तर २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाली. ‘ओसीआय कार्ड’ला लोक दुहेरी नागरिकत्व समजतात, ते तसे नाही. तो आयुष्यभराचा भारताचा व्हिसा आहे. त्यावर मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पीआर घेतलेला मात्र भारताचाच नागरिक राहतो. २०१० च्या कायदादुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आपल्या गावच्या यादीत नाव ठेवता येते. मत द्यायला मात्र प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते. एका मताचे मोल ज्या समाजाला बाबासाहेबांनी शिकवले, त्याने पीआर आणि नागरिकत्व यांतला हा फरक समजूनच निर्णय घ्यावा.

आखाती देशांत जाणाऱ्या आपल्या मिस्त्री, ड्रायव्हर, वेल्डर बांधवांचा प्रश्न आणखी निराळा. त्यांच्यासाठी तिथे पीआरची वाट जवळपास नाहीच. मालकाने काढून दिलेला निवास परवाना, सौदीत ज्याला इकामा म्हणतात, तोच मुक्कामाचा आधार. भारतात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली, दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शिक्का असतो आणि ठरावीक देशांत कामाला जायला सरकारची मंजुरी लागते. ही मंजुरी कटकट वाटते, म्हणून एजंट टुरिस्ट व्हिसावर पाठवतो. मग पगार बुडाला तर दाद कुठे मागणार? कागदोपत्री तो कामगारच नसतो! परवानाधारक भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच घेता येतात. कोणी दीड-दोन लाख मागत असेल तर आधी परवाना क्रमांक विचारा आणि सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासा.

फसवणुकीचे टोक ५ फेब्रुवारी २०२५ रोजी साऱ्या देशाने पाहिले. अमेरिकेने १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले. त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते. आणि मोबाइलवर ‘अमेरिकेची ग्रीन कार्ड लॉटरी लागली’ असा संदेश आला तर सरळ पुसून टाका; भारतात जन्मलेल्यांना त्या लॉटरीत सहसा भागच घेता येत नाही.

मग करायचे काय? घाबरून घरी बसायचे? मुळीच नाही. बाबासाहेब १९१७ मध्ये अर्धे शिक्षण सोडून परतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला जाऊन त्यांनी ते पुरे केले. आपल्या मुला-मुलींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय वगळले गेले, यावर चळवळीने बोलत राहिले पाहिजे. आपली पोरे जातीवर संशोधन करायला जाऊ नयेत, असाच त्याचा अर्थ होतो. पण आहे ते पदरात पाडून घ्या. शिष्यवृत्तीच्या करारातली परत येण्याची अट आणि व्हिसाची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनीही दहा वर्षे बडोद्याची सेवा करण्याच्या करारावर सही केली होती. सही करण्यापूर्वी दोन्ही वाचा.

मोर्शी असो की दर्यापूर, प्रत्येक विहारात पुस्तकांचे कपाट असते. महिन्यातल्या एका रविवारी तिथे हे कागद वाचायला बसा. तिकडे गेलेल्या आपल्या मुलांना फोनवर घ्या. जाणाऱ्याला पाच प्रश्न विचारा: व्हिसा कोणत्या प्रकारचा? मुक्कामाची तारीख कुठे लिहिली आहे? काम करता येते का, आणि कोणाकडे? नोकरी गेली तर किती दिवस? पीआरची वाट आहे का, असल्यास रांग किती वर्षांची? उत्तर एजंटाच्या तोंडचे नको, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचे हवे. पाचही उत्तरे पोराला आणि त्याच्या बापाला पाठ झाली की मग घराचे कागद बँकेत न्यायचे की नाही, ते ठरवा.

जयभीम!